मायको सर्कल सगळ्यांना माहितीये, पण ठिणगीचा धंदा करणारा रॉबर्ट बॉश कोण होता?

फवारणी पंपाची दोरी ओढून ओढून हात दुखायला लागले आणि इंजिन काही केल्या सुरू होईना, की गावातला कुठलाही मिस्त्री आधी एकच काम करतो. प्लग काढतो, टोपीत परत बसवतो, इंजिनच्या लोखंडाला टेकवतो आणि दोरी ओढायला सांगतो. निळी ठिणगी चटकन उडाली तर करंट आहे, दुखणं पेट्रोलमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये शोधायचं. ठिणगी नाही उडाली तर प्लग, वायर, क्वाइल असा माग काढत जायचं.

दोन मिनिटांचं हे काम आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ते शक्यच नव्हतं. ठिणगी इंजिनच्या पोटात, लोखंडाच्या आड पडायची आणि तिथे काय बिघडलंय हे कळायला कारखान्यातला तज्ज्ञ माणूस बोलवावा लागायचा.

ती ठिणगी बाहेरून तपासता येईल अशी ज्या कारखान्यानं केली, त्याच्या मालकाचं नाव रॉबर्ट बॉश. नाशिककरांचा या माणसाशी रोजचा संबंध येतो. त्र्यंबक रोडवरचा मायको सर्कल ज्या मायको कंपनीमुळे मायको सर्कल झाला, ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे बॉशचंच भारतातलं रूप. २००८ साली मायकोचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण सर्कल मायकोच राहिला.

खानावळवाल्याचा अकरावा मुलगा

२३ सप्टेंबर १८६१. दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळ आल्बेक नावाचं गाव आहे. तिथल्या एका खानावळवाल्या शेतकऱ्याच्या घरी रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांमधला तो अकरावा. घरची शेती होती, वाटसरूंसाठी उतारा होता, चार पैसे होते. वडील वाचणारे होते आणि मुलांनी शिकावं असं त्यांना वाटायचं.

रॉबर्टचं मन मात्र शाळेत फारसं रमलं नाही. त्याला झाडंझुडपं, प्राणी यांची आवड होती. पुढे काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी सुचवलं म्हणून तो उल्ममधल्या एका बारीक यंत्रकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. घड्याळं, मोजमापाची उपकरणं, विजेच्या घंटा अशी कामं तिथे चालायची. पण मालकाचं शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. उमेदवारीची ती तीन वर्षं वाया गेल्याची सल रॉबर्टच्या मनात कायम राहिली. पुढे स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांना नीट शिकवण्यावर त्यानं जो भर दिला, त्याचं मूळ या सलीत होतं.

त्यानंतर सात वर्षं तो गावोगाव फिरत राहिला. या कारखान्यात काही महिने, त्या कारखान्यात काही महिने. मध्ये लष्करातली एक वर्षाची नोकरी केली. स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत अर्धं वर्ष व्याख्यानं ऐकली. पदवी घेतली नाही, पण विजेचे शब्द आणि सूत्रं ऐकून घाबरणं तेवढं थांबलं.

१८८४ मध्ये त्यानं अमेरिका गाठली. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या वर्तुळातल्या कारखान्यांमध्ये काम केलं. तिथे तो नाइट्स ऑफ लेबर या कामगार संघटनेचा सदस्यही झाला. समतेचा देश म्हणून तो अमेरिकेत गेला होता, पण पैसेवाल्याला एक न्याय आणि गरिबाला दुसरा हे बघून त्याचा हिरमोड झाला. तिथून इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात थोडे दिवस काढून तो मायदेशी परतला.

मागच्या अंगणातला कारखाना

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमधल्या एका इमारतीच्या मागच्या बाजूला रॉबर्ट बॉश यांनी स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वय पंचवीस. भांडवल दहा हजार मार्क, वडिलांच्या वारशातून आलेले. माणसं दोन, एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा.

तेव्हा मोटारगाडीच जेमतेम जन्माला आली होती. त्याच वर्षी जानेवारीत कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. बॉश यांच्या डोक्यात मोटार वगैरे काही नव्हतं. टेलिफोन बसवणं, घंटांची तारजोडणी, वीजरोधक बसवणं, मिळेल ते काम ते घेत होते.

१८८७ मध्ये एक छोटा यंत्र बनवणारा त्यांच्याकडे आला. त्याला गॅस इंजिन पेटवणारं एक उपकरण हवं होतं. तसलं उपकरण डॉइट्झ कंपनी आपल्या इंजिनांवर वापरायची आणि स्टुटगार्टजवळच्या शोर्नडॉर्फ गावात ते चालू अवस्थेत बघायला मिळत होतं. बॉश तिथे गेले, उपकरण नीट पाहिलं. मग त्यांनी आधी डॉइट्झला पत्र लिहून यावर पेटंट आहे का, हे विचारलं. उत्तर आलं नाही. स्वतः चौकशी केली तेव्हा पेटंट नसल्याचं कळलं. तेव्हा कुठे त्यांनी आपलं सुधारलेलं उपकरण बनवायला घेतलं.

हे उपकरण म्हणजे मॅग्नेटो. त्यातलं तत्त्व सोपं आहे. नालेच्या आकाराच्या लोहचुंबकांच्या मध्ये तारेची गुंडाळी हलवली की तारेत वीज तयार होते. बॅटरीची गरज नाही. इंजिन फिरतं तोवर वीज बनत राहते.

हे इतकं महत्त्वाचं का होतं? कारण तेव्हा इंजिन पेटवण्याचे जे दोन मार्ग होते, त्या दोन्हींत गोची होती. डाइमलरच्या इंजिनांत एक नळी बाहेरून ज्योतीवर लालबुंद तापवलेली असायची आणि तिच्या उष्णतेनं आतलं मिश्रण पेट घ्यायचं. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत म्हणजे आगीला निमंत्रण. दुसरा मार्ग बेन्झ यांचा, बॅटरी आणि क्वाइलचा. पण तेव्हाच्या बॅटऱ्या लवकर उतरायच्या आणि मग गाडी रस्त्यातच बसायची. मोटार बनवताना सगळ्यांत अवघड कोडं कुठलं, तर ठिणगीचं, असं खुद्द बेन्झ यांचं मत होतं.

दोन माणसांवर आलेला धंदा

मॅग्नेटो चांगला होता म्हणून बॉश लगेच श्रीमंत झाले का? तर नाही. पहिली दहा वर्षं नुसती ओढाताण होती. कारखान्यांना बसवायच्या इंजिनांचं गिऱ्हाईक मर्यादित होतं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली आणि वीसेक कामगारांवर गेलेला कारखाना पुन्हा दोन माणसांवर आला. कर्जं झाली. घरच्यांच्या मदतीवर वर्कशॉप तगलं.

या काळात बॉश सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जायचे. स्टुटगार्टच्या रस्त्यावर तेव्हा सायकल हीच नवलाची गोष्ट होती, त्यामुळे फुकटात जाहिरात व्हायची. कारागिरांनी केलेलं काम ते स्वतः जाऊन तपासायचे. रागीट होते. ढिसाळ काम दिसलं की भडकायचे. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला आणि त्याचा विश्वास गेला, तर त्यापेक्षा पैसे बुडालेले परवडले, हा त्यांचा हिशोब होता आणि अडचणीच्या काळातही त्यांनी तो बदलला नाही.

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, हजारावा मॅग्नेटो बनायला १८९६ साल उजाडलं. म्हणजे पहिला बनवल्यापासून नऊ वर्षं.

मग १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स नावाचा इंग्रज व्यावसायिक द दियाँ-बुताँ कंपनीची एक तीनचाकी मोटारसायकल घेऊन आला. हिला मॅग्नेटो बसवून दाखवा, अशी त्याची मागणी होती. अडचण अशी की कारखान्यातली इंजिनं संथ फिरायची आणि या तीनचाकीचं छोटं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घ्यायचं. तारेची जड गुंडाळी इतक्या वेगानं पुढेमागे हलवणं शक्यच नव्हतं.

उत्तर शोधलं कारखान्याचे फोरमन आर्नोल्ड झेरिंगर यांनी. जड गुंडाळी जागेवर स्थिर ठेवायची आणि तिच्या व चुंबकाच्या मध्ये लोखंडाचं एक हलकं कवच हलवायचं. चुंबकीय प्रवाह कमीजास्त होतो, वीज बनते आणि हलवायचं वजन अगदी थोडं. तीनचाकी धडधडत सुरू झाली. बॉश मोटारीच्या धंद्यात आले ते असे, एका फोरमनच्या डोक्यामुळे. १९०० मध्ये काउंट झेपेलिन यांचं पहिलं हवाई जहाज उडालं, त्याच्या डाइमलर इंजिनांवरही बॉशचा मॅग्नेटो होता. हायड्रोजननं भरलेल्या फुग्याखाली उघड्या ज्योतीचं इंजिन कोण लावणार?

होनोल्ड आला आणि ठिणगी बाहेर आली

तरी एक मोठी उणीव बाकी होती.

या जुन्या मॅग्नेटोची वीज कमी दाबाची होती. मोकळ्या फटीतून उडी मारण्याइतका जोर तिच्यात नव्हता. म्हणून सिलिंडरच्या आत धातूचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि नेमक्या क्षणी दांड्यांनी झटका देऊन वेगळे करायचे. वेगळे होताना ठिणगी पडायची. आगीच्या डोंबात हलणारे हे तुकडे झिजायचे, त्यांच्यावर काजळी धरायची, दांड्यांचं माप हलायचं. प्रत्येक इंजिनला वेगळी जोडणी. बिघाड झाला की सगळं उघडायचं.

बॉश यांनी हे काम गोटलोब होनोल्ड या तरुणाकडे सोपवलं. होनोल्ड बॉश यांच्या गावाजवळच्या लांगेनाऊचा, शिक्षकाचा मुलगा. पोरवयात तो बॉश यांच्याच वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून गेला होता. नंतर अभियांत्रिकी शिकला आणि १९०१ मध्ये परतला. काही महिन्यांत त्यानं नवं यंत्र उभं केलं आणि जानेवारी १९०२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

होनोल्डनं एकाच गाभ्यावर दोन गुंडाळ्या केल्या. आतली जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. तिच्यावर केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. आतल्या गुंडाळीत वीज भरात असतानाच पॉइंट उघडायचा. वीज एकदम तुटली की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बाहेरच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. पॉइंटवर जाळ होऊ नये म्हणून कंडेन्सर. आणि तो झटका वायरमधून जातो स्पार्क प्लगकडे, जिथे दोन टोकं एका बारीक फटीवर कायमची स्थिर बसवलेली आहेत. वीज त्या फटीतून उडी मारते.

सिलिंडरच्या आत आता हलणारं काहीच नव्हतं. प्लग बाहेरून पान्यानं काढता येत होता, पुसता येत होता, बदलता येत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली यंत्रं डाइमलरकडे रवाना झाली. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट शर्यत झाली, ती कामीय जेनात्झी यांनी बॉशची ठिणगी लावलेल्या मर्सिडीजवर जिंकली. त्यांच्या लाल दाढीवरून पुढे बॉशच्या जाहिरातीतला लाल सैतान जन्माला आला.

दोन सिलिंडर असले की दुखणं कसं ओळखायचं?

होनोल्डच्या यंत्राचा खरा फायदा कळतो तो इंजिन बिघडल्यावर. युरोप-अमेरिकेत हिरवळ कापायला छोटे ट्रॅक्टर असतात. त्यातल्या मोठ्या ट्रॅक्टरांवर दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. पॉइंटची जागा आता इलेक्ट्रॉनिक सर्किटनं घेतलीये, पण फ्लायव्हीलवर चुंबक, शेजारी क्वाइल आणि पुढे प्लग ही मांडणी मॅग्नेटोचीच आहे. आपल्याकडच्या पॉवर वीडरवर आणि फवारणी पंपावरही तीच.

एका सिलिंडरच्या इंजिनचा प्लग मेला तर ते बंद पडतं, विषय संपला. दोन सिलिंडरचं इंजिन मात्र फसवतं. एक बाजू मेली तरी ते दुसरीवर चालत राहतं. फक्त थरथरतं, ओढत नाही, चढावर दम टाकतं आणि सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो. माणूस कार्बोरेटर उघडून बसतो आणि दुखणं भलतीकडेच असतं.

मग करायचं काय? आधी मेलेली बाजू शोधायची. प्रत्येक प्लग आणि वायर यांच्यामध्ये ठिणगी तपासायचं छोटं टेस्टर लावलं की कुठे प्रकाश दिसतो आणि कुठे नाही, ते लगेच कळतं. चालू इंजिनची वायर उपटून हवेत लटकत ठेवणं वाईट, कारण वीज जायला वाट मिळाली नाही की ती क्वाइलच्या आतलं आवरण फोडते.

ठिणगी आहे पण एका बाजूचा प्लग काळा-ओला आहे, असं दिसलं तर दोन्ही प्लगांची अदलाबदल करायची. दुखणं प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं तर प्लग निर्दोष, दोष त्या सिलिंडरचा.

एकाच बाजूला ठिणगी नाही तर त्या बाजूची क्वाइल बघायची, कारण अशा बहुतेक इंजिनांवर प्रत्येक सिलिंडरची क्वाइल वेगळी असते. क्वाइल आणि चुंबक यांच्यातली फट साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असावी लागते. गंज चढला किंवा स्क्रू ढिले झाले की फट बदलते आणि ठिणगी दुबळी होते.

दोन्ही बाजू एकदम मेल्या तर दोन्ही क्वाइल एकाच दिवशी जळाल्या असं सहसा होत नाही. अशा वेळी दोघींना मिळून असलेली गोष्ट शोधायची. ती म्हणजे इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर. ही वायर क्वाइलचा करंट इंजिनच्या लोखंडात उतरवून ठिणगी मारते. तिचं आवरण कुठे घासलं आणि तार लोखंडाला टेकली की इंजिन कायमचं बंद. चाचणीपुरती ती वायर क्वाइलपासून सोडवायची. ठिणगी परत आली तर क्वाइल बदलायचा खर्च वाचला. अशा वेळी बटणानं इंजिन बंद होणार नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

इंजिन थंड असताना झकास आणि अर्ध्या तासानं बंद, तासाभरानं पुन्हा सुरू, असं होत असेल तर संशय क्वाइलवर. तापल्यावर आतली बारीक तार तुटल्यासारखी सुटते आणि गार झाल्यावर टेकते. म्हणून तपासणी इंजिन बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करायची. आणि पातं दगडावर आपटल्यानंतर इंजिन उलटं फटकारायला लागलं, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याची शक्यता मोठी. ठिणगी आहे, पण चुकीच्या वेळी.

दोन सिलिंडरचं हे कोडं बॉशच्या काळातही होतं. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या इंजिनात दोन ठिणग्यांमधलं अंतर सारखं नसतं. मॅग्नेटोची वीज मात्र ठरावीक दोन जागांवरच सर्वांत जोरदार असते. साधा मॅग्नेटो लावला तर एका सिलिंडरला जोरदार ठिणगी आणि दुसऱ्याला उरलीसुरली. त्यामुळे अशा मोटारसायकलींसाठी चुंबकाचे ध्रुव आणि पॉइंट उघडणारं कडं वेगळ्या मापानं घडवावं लागायचं.

आठ तास काम, आणि तरीही संप

१९०१ मध्ये पहिली स्वतःची इमारत उभी राहिली तेव्हा कामगार होते ४५. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत हे करणाऱ्या पहिल्या काही कारखानदारांपैकी ते एक. १९१० मध्ये शनिवारची दुपारही मोकळी केली. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून हिणवायचे.

यात नुसता दयाळूपणा नव्हता. थकलेला माणूस बारीक तार नीट गुंडाळू शकत नाही, हे त्यांनी स्वतः हातानं काम करून पाहिलेलं होतं. आठ तासांच्या दोन पाळ्या लावल्या की महागडी यंत्रंही जास्त वेळ चालायची. दुसरीकडे, कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची क्लिप दिसली तर तो आपला सांडलेला पैसा आहे असं ते सुनवायचे, अशी गोष्ट अजून सांगितली जाते.

तरी १९१३ मध्ये संप झाला. इतकं करूनही माणसं बाहेर पडली, हे बॉश यांच्या जिव्हारी लागलं. आजवर लांब राहिलेले ते मालकांच्या संघटनेत सामील झाले. कामगारांशी असलेलं जुनं नातं त्यानंतर पहिल्यासारखं राहिलं नाही.

तेव्हा बॉशच्या विक्रीपैकी ८८ टक्के माल जर्मनीबाहेर जात होता. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि ही बाजारपेठ तुटली. अमेरिकेतली कंपनी तिथल्या सरकारनं शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केली. स्टुटगार्टचा कारखाना लष्करासाठी राबू लागला आणि नफा वाढला. माणसं मरत असताना आलेला हा पैसा बॉश यांना टोचत होता. त्यातली मोठी रक्कम त्यांनी नेकर नदी जलवाहतुकीसाठी खोल करण्याच्या कामाला आणि लोकोपयोगी संस्थांना देऊन टाकली.

घरातली ठिणगी विझली

ज्याच्यासाठी हा पसारा उभा राहत होता तो मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, तरुणपणीच आजारी पडला. मल्टिपल स्क्लेरोसिसनं त्याला जखडलं. १९२१ मध्ये, वयाच्या तिशीत, तो गेला. दोन वर्षांनी होनोल्डही अकाली गेला. मुलाच्या आजारपणात आणि मृत्यूनंतर बॉश आणि त्यांच्या पत्नी ॲना यांच्यात अंतर पडत गेलं. शेवटी घटस्फोट झाला. १९२७ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. या लग्नातून त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

धंद्याचीही घडी विस्कटली होती. मोटारींमध्ये स्टार्टर आणि दिव्यांसाठी बॅटरी आलीच होती, मग ठिणगीसाठी वेगळा मॅग्नेटो कशाला? स्वस्त बॅटरी इग्निशन आलं आणि ज्या यंत्रावर कंपनी उभी होती, तेच मोटारीतून बाहेर पडायला लागलं. १९२६ साल कंपनीला फार जड गेलं.

बॉश यांनी नवे रस्ते धरले. डिझेल इंजिनचा इंधन पंप १९२७ मध्ये बाजारात आणला. विजेची हत्यारं आली, १९३३ मध्ये फ्रिज आला. त्याआधी, १९२१ मध्येच, हॅम्बुर्गमध्ये पहिलं बॉश सर्व्हिस केंद्र उघडलं होतं, म्हणजे बिघाड शोधणं हाच एक वेगळा धंदा झाला होता.

हुकूमशाहीच्या सावलीत

हिटलर सत्तेवर आला तेव्हा बॉश सत्तरी ओलांडलेले होते. जर्मनी आणि फ्रान्सचं वैर मिटावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पैसा आणि वेळ दिला होता. नवी राजवट त्यांना पटणारी नव्हती. राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना कंपनीनं १९३७ मध्ये सल्लागार म्हणून आसरा दिला. कंपनीचे प्रमुख हान्स वाल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यूंना देश सोडण्यासाठी गुपचूप पैसा पुरवला. वाल्झ यांना पुढे इस्रायलनं त्यासाठी गौरवलं.

पण गोष्टीची दुसरी बाजू झाकता येत नाही. हीच कंपनी त्याच राजवटीच्या रणगाड्यांना आणि विमानांना सुटे भाग पुरवत होती. युद्धकाळात तिच्या कारखान्यांमध्ये सुमारे वीस हजार माणसं सक्तीनं राबवली गेली. त्यांत छळछावण्यांमधले कैदीही होते. आठ तासांचा दिवस सुरू करणाऱ्याच्या नावाखाली हे घडलं.

१२ मार्च १९४२ रोजी, ऐंशीव्या वर्षी, कानाच्या संसर्गानं बॉश यांचा मृत्यू झाला. ज्यांच्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, त्यांनीच त्यांच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार केले. स्वतःच्या पैशातून त्यांनी स्टुटगार्टमध्ये उभारलेलं रुग्णालय तेवढं त्याआधी, १९४० मध्ये सुरू झालं होतं.

कंपनीचा नफा लोकांच्या कामी यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार १९६४ मध्ये कंपनीची बहुतेक मालकी त्यांच्या नावाच्या न्यासाकडे गेली. आजही नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा या न्यासाकडे आहे आणि त्याचा वाटा आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च होतो.

भारतात बॉशचा माल १९२२ पासून कोलकात्यामार्गे यायला लागला. १९५१ मध्ये मायको सुरू झाली आणि पुढे नाशिकच्या सातपूरला कारखाना आला. कित्येक स्कूटरच्या डिकीत मायकोचा एक जादा प्लग कापडात गुंडाळून ठेवलेला असायचा.

मोटारींतून मॅग्नेटो गेला, पण संपला नाही. गवत कापायच्या यंत्रावर, करवतीवर, फवारणी पंपावर, जिथे बॅटरीचं ओझं नको तिथे तो अजून ठिणगी पाडतोय. आणि बॉशच्या कुठल्याही खोक्यावर वर्तुळातलं ते चिन्ह नीट पाहिलं, तर तो होनोल्डनं १९१८ मध्ये काढलेला मॅग्नेटोच्या गाभ्याचा आडवा छेद आहे. आज कंपनी फ्रिजपासून ड्रिल मशीनपर्यंत सगळं विकते, पण शिक्का त्या जुन्या, तार गुंडाळलेल्या लोखंडाचाच मारते.